उत्तराची ओळ

हे वाचून तुम्ही म्हणाल, मनाचे खेळ. खुशाल म्हणा. मीही तेच म्हणालो होतो, तेही माझ्या सख्ख्या बहिणीच्या तोंडावर.

पण त्या गुरुवारी मी स्वतः तिथे उभा होतो. दुपारचे पावणेबारा वाजले होते. बाहेर लख्ख ऊन. हॉस्पिटलचा पहिला मजला, व्हरांड्याच्या टोकाची खोली. जे झालं ते माझ्यासमोर झालं. पदरचं काही घालत नाही.

माझी ताई लोकांचे कान तपासते. सव्वीस वर्षं झाली. तिच्या खोलीत आणखी एक छोटी खोली आहे. आवाजबंद. भिंतींना फोम, वीतभर जाडीचं दार, एक खुर्ची, एक हेडफोन आणि हातात धरायचं एक बटण. ताई काचेबाहेर मशीनवर बसते आणि हेडफोनमध्ये बारीक 'टूं' सोडते. पेशंटला ऐकू आलं की त्यानं बटण दाबायचं. ताईसमोर हिरवा दिवा लागतो.

दार लावून आत बसलं की स्वतःचा आवंढा गिळलेलाही ऐकू येतो. इतकी शांतता.

सुरुवात एका म्हाताऱ्या सुतारापासून झाली. आयुष्यभर करवतीच्या यंत्रावर काम केलेला माणूस. दोन्ही कान जवळजवळ गेलेले. ताईनं त्याला आत बसवलं, दार लावलं. अजून तिनं एकही आवाज सोडला नव्हता...

हिरवा दिवा लागला.

घाई झाली असेल, असं तिला वाटलं. ती थांबली. दिवा पुन्हा लागला. मग पुन्हा.

तिनं दार उघडून त्याला कानाशी ओरडून समजावलं, की टूं ऐकू आलं तरच दाबायचं. तो म्हणाला, टूं काही ऐकू येत नाही, पण एक बाई बोलते आहे. एक ओळ बोलते आणि थांबते. परत तीच ओळ. परत थांबते.

ताईला नवल वाटलं नाही. कान बंद पडत गेले की मेंदू रिकामी जागा भरून काढतो. कुणाला घंटा ऐकू येतात, कुणाला गाणी. तिनं तसं कागदावर लिहिलं आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

दहा दिवसांनी गिरणीतली एक बाई आली. तीस वर्षं मागांच्या खडखडाटात उभी राहिलेली. तिनंही आवाज न सोडता बटण दाबलं. ताईनं विचारलं, काय ऐकू येतंय? बाई सहज म्हणाली,

"'आम्ही इथे आहोत.' एवढंच म्हणतात त्या बाई. मग गप्प बसतात. कुणाची तरी वाट बघत असल्यासारख्या."

ताईच्या हातातलं पेन खाली पडलं.

'आम्ही इथे आहोत' ही आमच्या आईच्या प्रार्थनेची पहिली ओळ. रोज संध्याकाळी ती म्हणायची. दुसरी ओळ आम्ही भावंडांनी म्हणायची, 'आणि तूही आहेस.' मग आई पुढचं म्हणायची.

ताई चौदा वर्षांची झाली आणि तिनं ती ओळ सोडली. 'तो आहे' हे तिला पटत नव्हतं, आणि न पटलेलं ती बोलणार नव्हती. आई रागावली नाही. रोज पहिली ओळ म्हणायची, ताईकडे बघायची, उत्तराएवढा वेळ थांबायची. मी आपला बेचा पाढा म्हणावा तसा पुटपुटायचो. माझ्याकडे आईनं कधी बघितलं नाही.

आई गेली तेव्हा खाटेजवळ ताई एकटी होती. मी खाली औषधांच्या रांगेत. आईनं तीनदा ती ओळ म्हटली. तीनदा थांबली. ताईनं तिचा हात घट्ट धरला होता, पण खोटं बोलणं तिला जमलं नाही. ती एवढंच म्हणाली, "आई, मी आहे ना."

आईनं मान फिरवली. चौथ्यांदा काही म्हटलं नाही.

गिरणीतली बाई येऊन गेली, त्याच्या दहाच महिने आधीची ही गोष्ट.

त्या संध्याकाळी ताईनं मला बोलावून घेतलं. मी मनाचे खेळ वगैरे म्हणालो ते तेव्हाच. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, की माझे खेळ माझ्या मनात चालतील, गिरणीतल्या बाईच्या मनात कसे चालतील?



तिनं तिच्या पद्धतीनं छडा लावायचं ठरवलं. हेडफोन बदलले. वायरी बदलल्या. कंपनीचा माणूस आला, अर्धा दिवस मशीन उघडून बसला आणि म्हणाला, मशीन तुमच्या-माझ्यापेक्षा ठणठणीत आहे. आपणच नकळत पुटपुटतो की काय, म्हणून ती तोंडावर पट्टी बांधूनही बसली. मग स्वतः आत बसली. एक तास.

काहीच नाही.

मलाही बसवलं. मला माझ्या छातीतले ठोके ऐकू आले. दुसरं काही नाही.

आमचे कान चांगले होते ना...

ज्यांचे गेले होते, त्यांनाच ऐकू येत होतं. सगळ्यांना नाही. पण त्या सहा आठवड्यांत पाच जणांना. पाचही एकमेकांना अनोळखी. पाचांची ओळ तीच.

आणि मग तो गुरुवार. सुतारकाका कानाचं मशीन घ्यायला आले होते. ताईनं मला मुद्दाम बोलावलं होतं. तिनं काकांना विनंती केली, की दहा मिनिटं नुसते आत बसा. काका भला माणूस. बसले.

ताईनं तपासणीचं मशीन बंद केलं. भिंतीतला प्लग काढून माझ्या हातात दिला. हेडफोन आणि बटणही काढून घेतलं. आत फक्त खुर्ची आणि काका.

आम्ही काचेतून बघत होतो.

काकांनी मान तिरकी केली... आणि आमच्याकडे बघून होकार दिला.

ताई दार उघडून आत गेली. मी उंबऱ्यात उभा राहिलो.  चाळीस वर्षं जी ओळ तिनं गिळली होती, ती तिनं कोपऱ्याकडे बघून म्हटली.

"आणि तूही आहेस."

काकांनी हात वर केला. थांबा, अशी खूण. 

"थांबली," ते म्हणाले.

ताईनं डोळे मिटले. माझाही श्वास सुटला. म्हटलं, संपलं एकदाचं. एका ओळीसाठी एवढं...

"नाही. काहीतरी विचारतेय."

काका खुर्चीत पुढे झुकले. जवळजवळ बहिरा माणूस, पण शेजारच्या खोलीतलं बोलणं ऐकावं तसा कान देऊन होता.

"म्हणतेय... 'कुणाला म्हणालीस गं?'"

  मी तिच्याकडे बघत होतो, आणि तिच्याकडे उत्तर नव्हतं हे मला दिसत होतं. देवाला म्हणाली नव्हती. आईला म्हणावं, तर आई उरली आहे असं ती मानत नव्हती. तिनं ती ओळ रिकाम्या कोपऱ्याला म्हटली होती, आणि ते कोपऱ्याला कळलं होतं.

काका उठले. माझ्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, की हे कानाचं मशीन मी दुसरीकडून घेतो.

याला तीन वर्षं झाली. ताई अजून तिथेच काम करते. अधूनमधून कुणीतरी आवाजाशिवाय बटण दाबतं. ती आता विचारत नाही. मधल्या काळात ती प्रार्थनेला जाऊन बसली, पुस्तकं वाचली, जाणत्या माणसांना भेटली. मला म्हणाली, "विश्वास ठेवायचा म्हणून ठेवता येत नाही रे. खोटं म्हटलं तर तिला कळतं. खरं तेच धरून ओळ म्हटली नाही, तर ती थांबून राहते. मी काय करू?"

मी काय सांगणार? जन्मभर ओळ म्हणणारा मी. ती कुणाला म्हणत होतो, हे मला तरी कुठे माहीत आहे?

आणि आता एक नवीनच.

दोनेक महिने झाले, माझा डावा कान दगा देतोय. बायको त्या बाजूनं बोलली की मी "काय?" म्हणतो. टीव्ही मोठा ठेवतो. ताईच्या ते लक्षात आलंय. ये एकदा, तपासते, दहा मिनिटांचं काम आहे, असं ती दर दोन दिवसांनी म्हणते.

मी काही ना काही कारण काढतो.

काल पुन्हा तिचा फोन आला. मी उजव्या कानाला लावला. या वेळी ती तपासणीबद्दल बोलली नाही. नुसतं म्हणाली,

"तुला ऐकू आलं, तर मला सांगशील ना?"