राहतची तोंडी परीक्षा

मोबाईल ठेवा बाजूला, मग सांगतो. आपल्या कॉलेजात चन्नवीर सर युरोपचा इतिहास शिकवायचे. मी तीस वर्षं तिथल्या ग्रंथालयात पुस्तकं काढून दिली, म्हणून सरांनी हे मला सांगितलं. दुसऱ्या कुणाला नाही.

एकवीस फेब्रुवारी दोन हजार पंचवीस, शुक्रवार. अमावस्याबिमावस्या काही नव्हती. कॉलेज सुटल्यावर सर मोटारसायकलवरून मोडनिंबला निघाले. पिशवीत दोरी बांधलेली एक फाईल, राहत नावाच्या पोरीनं लिहिलेला प्रकल्प. ती राहतच्या बापाला द्यायची आणि माफी मागायची, एवढंच काम.

राहत एम.ए.ला होती. बाप इसूफभाई, हायवेला पंक्चरचं दुकान. पोरगी रोज एसटीनं यायची आणि ग्रंथालयात शेवटच्या टेबलावर बसून व्हर्सायच्या तहावर प्रकल्प लिहायची. पहिलं महायुद्ध संपल्यावर सगळा दोष जर्मनीच्या माथी मारून ज्या कागदावर सही करायला लावली, तो तह. पाच महिने लिहीत होती. जेवायचा डबा तसाच राहायचा.

आदल्या एप्रिलात तोंडी परीक्षा झाली. सरांनी पहिलं पान बघितलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "ही भाषा तुझी नाही. कुठून उतरवलंस?"

पोरीनं मान खाली घातली.

"बरं, सांग. या तहात अन्याय कुठं झाला?"

तिचे ओठ हलले, शब्द फुटला नाही. "बघा!" सर म्हणाले. नापास केलं.

ती पुन्हा कॉलेजला आली नाही. पावसाळ्यात डेंग्यूनं गेली. मग मी सरांना सांगितलं, "सर, ती पोरगी स्वतः लिहीत होती. मी रोज बघत होतो." सरांनी कपाटातून तिची फाईल काढली. खरं तर हे मी एप्रिलातच बोलायला पाहिजे होतं. सरांपुढं आपण कसं बोलायचं, म्हणून तोंड शिवून बसलो. ते माझ्या खात्यावर. असो.

सर पोचले तेव्हा पावणेआठ झाले होते. दुकानाच्या मागं घर, पुढची एकच खोली, आत जायच्या दाराला पडदा. इसूफभाई ओळखून होता, तरी म्हणाला, "बसा की सर. दूध संपलंय, घेऊन येतो. घरात कुणी न्हाय, सगळी टेंभुर्णीला लग्नाला गेलीत." आणि तो गेला.

सर फाईल मांडीवर घेऊन बसले. बापाला काय बोलायचं, ते मनात जुळवत होते. काही केल्या जुळेना.

बरोबर आठला लाइट गेली.

बाहेर ट्रक जात होते. मग तेही थांबले. पडद्याच्या पलीकडं कुणीतरी घसा खाकरला.

"इसूफभाई?"



"सांगू का, सर?"

पोरीचा आवाज. हळू. वर्गात असायचा तसाच.

 सरांनी मांडीवरची फाईल दोन्ही हातांनी दाबून धरली.

"जर्मनांना समोर बसून बोलू दिलं नव्हतं, सर. दोष आधीच लिहून ठेवला होता. सही तेवढी मागितली."

"हं..." सरांच्या तोंडून निघालं.

मग ती बोलत राहिली. साल, कलम, कोण काय म्हणालं, कुणाचं ऐकलं नाही. सगळं, ओळीनं. कुठं अडखळली नाही.  मधेच सर म्हणाले, "बरोबर... पुढं?" का म्हणाले, त्यांनाही ठाऊक नाही. सवयीनं.

मग ती थांबली.

"सर... मी एक विचारू?"

पडदा हलला. वारा नव्हता.

"माझं वाचलं होतं का तुम्ही?"

सरांचा हात फाईलच्या गाठीवर गेला.

"सर?"

"नाही..." सर म्हणाले. "नाही वाचलं. पहिलं पान फक्त..."

 बऱ्याच वेळानं लाइट आली. दारात इसूफभाई दुधाची पिशवी घेऊन उभा.

"कुणाशी बोलत होता, सर?"

सरांनी उठून पडदा बाजूला केला. आत लोखंडी कॉट, गुंडाळलेली गादी. बस्स. सर तिथंच इसूफभाईच्या पायाशी बसले. "इसूफभाई, तिनं नक्कल केली नव्हती. मी न वाचताच तिला चोर ठरवलं."

 इसूफभाईनं सरांच्या हातातून फाईल घेतली. "पोरगी शेवटपर्यंत हेच सांगत व्हती. मीच एकदा तिला म्हणलो, सर उगाच कशाला बोलतील..."

 चहा कुणीच केला नाही.

दुसऱ्या दिवशी सरांच्या मोबाईलमध्ये एक रेकॉर्डिंग सापडलं. आठ वाजून एक मिनिटाला सुरू झालेलं, अकरा मिनिटांचं. सरांनी मोबाईलला हात लावला नव्हता. मी स्वतः ऐकलंय ते. तिचा आवाज त्यात नाही. नुसती शांतता, आणि मधे सरांचा "हं". मग "बरोबर... पुढं?"

आणि त्या शांततेत... पानं उलटल्याचा आवाज. सावकाश. एकेक.

फाईल सरांच्या मांडीवर होती, गाठ सुटलेली नव्हती.

शेवटी सर म्हणतात, "नाही वाचलं." त्यानंतर काहीच नाही. बराच वेळ.

मग एक पान उलटतं.