पांढऱ्या भिंतीवरून भांडण

बर्फाच्या कारखान्यातून घरी येताना ती वळणावरच थबकली. तिच्या घराची समुद्राकडची भिंत... निळी! सकाळी निघाली तेव्हा तर पांढरीशुभ्र होती. आणि शिडीवर चढून कोणी एक अनोळखी तरुण मजेत शीळ घालत ब्रश फिरवत होता.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने सरळ शिडी धरून गदागदा हलवली.

"उतर खाली!"

"अहो, अहो... पडेन मी!"

"पड! कोणाला विचारून रंगवलीस भिंत?"

"पर्यटन समितीला." तो कसाबसा उतरला. नाकावर निळा ठिपका, आणि तरी हसतोय! "ही सगळी रांग रंगीत करायचीय. पाहुणे येतील, फोटो काढतील... तुम्ही रागावल्यावर किती छान दिसता, हे कोणी तुम्हाला—"

"माझे बाबा समुद्रावर आहेत."

तिचा आवाज ऐकून त्याचं हसू मावळलं.

बंदराच्या तोंडाशी दोन्ही बाजूंना पाण्याखाली खडक होते. धक्क्यावरचा दिव्याचा खांब या पांढऱ्या भिंतीच्या बरोबर मधोमध दिसला की वाट मोकळी. तिच्या पणजोबांपासून होड्या अशाच आत येत. निळी भिंत मात्र संध्याकाळी मागच्या डोंगरात विरून जाणार होती. आणि बाबा संध्याकाळीच परतत.

"फोन करा ना त्यांना..."

"तिथे फोन लागला असता तर तुझ्याशी डोकं लावत बसले असते?"

"माझ्याकडे पांढरा रंगच नाही. आणि ओल्यावर बसणारही नाही तो."

ती तरातरा घरात गेली आणि होत्या नव्हत्या तेवढ्या पांढऱ्या चादरी घेऊन आली. ती खालून द्यायची, तो वरून खिळे ठोकायचा. एक कोपरा उरला, चादरी संपल्या. त्याने अंगातला पांढरा शर्ट काढला आणि तिथे ठोकला. तिने मान फिरवली... मग पुन्हा वळून पाहिलं, आणि स्वतःवरच चिडली.

ऊन उतरलं. होडी दिसली. खडकांबाहेर घुटमळली, थांबली... आणि मग सरळ आत आली. तिचा जीव भांड्यात पडला. आपण मघापासून रंगाऱ्याचं मनगट धरून उभे आहोत हे तिला तेव्हा कळलं. तिने ते असं झटकलं, जणू त्यानेच धरलं होतं.

"भिंत हलत होती गं," बाबा धक्क्यावरून म्हणाले. "मला वाटलं, मलाच चक्कर येतेय!"

समितीचा अध्यक्ष म्हणजे तिचा सख्खा मामा. दुसऱ्या दिवशी भर बैठकीत तिने त्याला फैलावर घेतलं. "वारसा, वारसा म्हणून गावभर ओरडता, आणि जो आहे तोच पुसून टाकता? लाज कशी वाटत नाही मामा!"

मामा समोरचे कागद चाळू लागला. रंगारीच उठला. "चूक माझीही आहे. पण पाहुण्यांना होडीत बसवून समुद्रातून ही भिंत दाखवली तर? यांचे बाबा सांगतील ना, घरी कसं यायचं ते."

मामाने घाईघाईने मान डोलावली. ती मात्र रंगाऱ्याकडेच बघत राहिली. रागानेच, अर्थात.

भिंतीवर पुन्हा पांढरा हात चढू लागला. एक हात, मग दुसरा. रोज भांडण व्हायचं. रंग पातळ झाला म्हणून, चहा गार झाला म्हणून. मग एका सकाळी ती बाहेर आली, तर तो शिडी टेम्पोवर बांधत होता.

"निघालास? न सांगता?"

"पुढच्या गावचं काम आलंय..."

"आणि तो कोपरा? तिथे निळं दिसतंय अजून! काम अर्धवट टाकून पळतोस?"

त्या दिवशी त्याने शर्ट ठोकला होता, तोच तो कोपरा. त्याने मान खाली घातली. "तो... मुद्दाम ठेवलाय. परत यायला काहीतरी कारण हवं ना."

"कारण?" तिचा आवाज चिरकला. "मी इथे जिवंत उभी आहे, ती कारण म्हणून कमी पडते का रे? रोज तुझ्याशी भांडल्याशिवाय घास उतरत नाही मला! एवढंही कळत नाही, गाढवा?"

तो बघतच राहिला. मग शिडीची दोरी सोडू लागला.

शिडी पुन्हा भिंतीला लागली. तो ब्रश घेऊन वर चढला, आणि या वेळी तिने ती दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवली.