कोपरच्या मिठागरावरचा मॅट्रिक

मिठाची टोपली डोक्यावर घेऊन बायजा अरुंद बांधावरून येत होती. समोरून एक तरुण आला. बाजूला व्हायला जागाच नव्हती… तो सरळ खाजणाच्या पाण्यात उतरला, पांढऱ्याशुभ्र धोतरासकट. बायजाला हसू आवरेना.

"हसा," तो म्हणाला. "आज माझ्याशी कोणी हसलंही नव्हतं."

त्याचं नाव महिपत. पंचक्रोशीतल्या आगऱ्यांत पहिला मॅट्रिक झालेला. दोन वर्षं तो ठाण्याच्या कचेऱ्यांत अर्ज देत फिरला होता. कारकुनाच्या एका जागेसाठी पन्नास मॅट्रिक उभे असत आणि त्याच्यासाठी शब्द टाकणारं कोणी नव्हतं. पलीकडच्या मिठागरावर मजुरी मागायला गेला, तर तिथल्या मुकादमानं शिकलेला माणूस नको म्हणून परत पाठवलं.

बायजा वीस वर्षांची, नवरा वारल्यापासून बापाकडे राहणारी. ती म्हणाली, "मग शिकलास ते सांगतस कशाला? उद्या आमच्या आगरावर ये. फाटकं धोतर नेसून."

महिपत अडाणी होऊन आला. चारच दिवसांत त्याचे तळहात मिठानं फुटले. दुपारी बायजा त्यावर खोबरेल लावायची, आणि हात बरे झाले तरी तो ते पुढे करायचा… तिला कळायचं, तरी ती लावायची. तिचा बाप भिवा त्याच्या कामावर खूश होता. होळीनंतर दोघांचा पाट लावायचं ठरलं.

तेवढ्यात एक दलाल आला. नाशकाकडे रेल्वेचं काम, चार महिन्यांचं, असं सांगून तो कागदावर मजुरांच्या निशाण्या घेऊ लागला. रांगेत पहिला बायजाचा भाऊ गणू, मागे महिपत. त्याची नजर कागदावर गेली आणि चेहरा उतरला. त्यानं बायजाकडे पाहिलं. बोललं, की सगळं संपणार होतं— तिलाही ते उमगलं.

"वाच," ती हळूच म्हणाली.

त्यानं मोठ्यानं वाचलं. काम समुद्रापलीकडे, आफ्रिकेत. मुदत तीन वर्षं. रांग मोडली. शिकलेला निघाला म्हणून आगराच्या मुकादमानं महिपतला तिथल्या तिथे काढून टाकलं, आणि मग कुठल्याच आगरानं त्याला उभं केलं नाही.

भिवानं त्याच्यापुढे हात जोडले. "तुझ्यामुलं माझा गणू घरी राहिला. पन काम नसलेल्याला पोरगी कशी देऊ, बाबा?"

दलालाला आफ्रिकेत मजुरांची नावं लिहायला माणूस हवा होता. महिपतनं त्याच कागदावर सही केली. शिक्षणानं त्याला दिलेली ती पहिली नोकरी.

खाडीवर होडी लागली, तेव्हा बायजा आली होती.

"थांबशील?" त्यानं विचारलं.

"मी थांबेन… बाबा थांबायचा नाय."

भिवा थांबला नाही. वर्षाच्या आत बायजाचा पाट एका मिठागऱ्याशी लागला. माणूस भला होता, हाताला कायम काम असलेला.

पावसाळ्यानंतर माहेरी तिच्या नावानं आफ्रिकेहून पत्र आलं. ते दुसऱ्या कुणाकडून वाचून घेण्यासारखं नव्हतं. तिचा म्हणावा असा वाचणारा एकच माणूस होता, आणि ते त्यानंच लिहिलं होतं.