चांदण्यात विझवलेले दिवे

दौलतरावांची जुनी विलायती मोटार पुन्हा माझ्या गॅरेजात आली, तेव्हा मला गाडीचा नाही, त्यांचाच राग आला. त्यांची कांद्याची वखार चाकणला, घर चिंचवडला, आणि रोजची ये-जा तळवड्यावरून. गाडीचे मिणमिणते दिवे काढून मी मोठे बसवून दिले होते. जुन्या डायनॅमोला ते ओझं पेलेना, बॅटरी उतरायला लागली, म्हणून पुढं डायनॅमोही मोठा बसवला. तरी यांचं तुणतुणं तेच. तळवड्याच्या अलीकडे आंब्यांची रांग लागते, तिथं दिवे बसतात, मंद होतात.

मी पट्टा ताणून पाहिला, ब्रश पाहिले, डायनॅमो बॅटरीला जोडणाऱ्या कटआउटचे पॉइंट घासले. इंजिन चालू ठेवून दोन्ही दिवे लावले, तरी अँमीटरचा काटा चार्जिंगच्या बाजूलाच. गाडीला काही झालेलं नाही, असं सांगितलं की गिऱ्हाईक खूश होतं. यांचा चेहराच उतरला. एकदा सोबत चला, म्हणून इतकं विनवलं की मी पाना ठेवून निघालो.

दिवेलागणीला आम्ही आंब्यांपाशी पोचलो आणि दिवे खरंच बसले. काटा भसकन दुसऱ्या बाजूला गेला. कुणीतरी बॅटरी पिऊन टाकत होतं म्हणा ना. मी उतरून बॉनेट उघडलं. डायनॅमो झकास फिरत होता, तारा हाताला गार लागत होत्या. इंजिन बंद करायला लावलं आणि बॅटरीची तार सोडवली. आता दिवे जायलाच हवे होते.

ते गेले नाहीत. तांबूस, वातीसारखे तेवत राहिले. रॉकेलचा वास आला. मागून बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज सावकाश जवळ येत होता. मी वळून पाहिलं, रस्ता मोकळा होता.

"मीरासाहेब," दौलतराव आतूनच पुटपुटले, "बिघाड गाडीचाच हाय, येवढं म्हना... मग मी सुटलो."

मग त्यांनी सगळं सांगितलं. गेल्या पुनवेला ते दिवे न लावता येत होते. पुढं तळवड्याच्या सोनबाची बैलगाडी होती. चांदणं आहे, रॉकेल वाचेल, म्हणून त्यानंही गाडीखालचा कंदील विझवलेला. आंब्यांच्या खाली चांदणं पोचत नाही. मोटार मागून आदळली, सोनबा उडून पडला तो गेलाच, आणि दौलतराव थांबले नाहीत. गावानं खापर कुठल्याशा ट्रकवर फोडलं. सोनबाची बायको रुक्मिणीबाई अजून रस्त्याला उभी राहून ट्रकवाल्यांना विचारते, माझ्या नवऱ्याला उडवलं कुणी.

मी संतापलो. नवे मोठे दिवे असताना माणूस अंधारात गाडी हाकतोच कसा?

दौलतरावांनी माझ्याकडं पाहिलं. "तुमीच म्हनला व्हता... चांदनं आसलं की दिवे लावू नका, बॅटरी वाचंल."

म्हणालो होतो. डायनॅमो तेव्हा जुनाच होता. या रस्त्यावरचा प्रत्येक मेकॅनिक तेच सांगतो, आणि मी तर शहाणपणा म्हणून सांगायचो. कटआउट गेलाय म्हटलं असतं, तर आम्ही दोघंही सुटलो असतो. पण घुंगरं आता अगदी माझ्या खांद्यापाशी वाजत होती.

"बिघाड गाडीत नाही, दौलतराव. रुक्मिणीबाईंकडं जा."

ते खाली उतरले आणि गावाच्या दिशेनं चालू लागले. मी सोबत गेलो नाही. गाडीपाशी कुणीतरी हवं, असं म्हणालो. लाज वाटली, पण पाय उचलला नाही.

ते परतले तेव्हा डोळे सुजले होते. उद्या पाटलांना घेऊन चौकीवर जाणार होते. मी तार जोडली. दिवे असे फाकले की झाडांची पानं मोजावीत. बाईनं सगळं ऐकून घेतलं, म्हणाले. एकच विचारलं, दिवे विझवायला सांगितलं कुणी?

"म्या तुमचं नाव न्हाई घेतलं," दौलतराव म्हणाले.

मला हायसं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार हायसं वाटलं. मी त्यांचे आभारसुद्धा मानले.

त्यांनी मला घराच्या गल्लीशी सोडलं. माझी बायको ताजुन्निसा चिमणी घेऊन दारात उभी होती. कुणी गाडीवान आलाय, म्हणाली. माझं नाव घेऊन विचारत होता. कंदील पेटवायला काडी मागितली. हिनं पेटीच दिली, पण एक काडी पेटेल तर शपथ. मग हीच म्हणाली, बसा, ते येतीलच एवढ्यात.

"कुठाय?" मी विचारलं.

"हा काय, ओट्यावर बसलाय की."

तिनं चिमणी पुढं धरली. ओटा रिकामा होता. ताजुन्निसानं डोक्यावरचा पदर सावरला आणि त्या रिकाम्या जागेकडं बघून हळूच म्हणाली, "भाऊ, हे आले बघा."