दर्यासखीचा चॅनल

वाढवणची निर्मला त्या दिवशी डहाणूला गेली ती एवढंच विचारायला, की स्कॅनरसाठी कुठलं सॉफ्टवेअर बरं. स्कॅनर म्हणजे मुठीत मावणारा रेडिओ; बोटींच्या वायरलेसवरचं बोलणं नुसतं ऐकवणारा. त्यावर उलट बोलता येत नाही, बोलायचं बटणच नसतं त्याला. धाकट्या भावाने, प्रविणने, तो आणून दिला होता. "घरबसल्या आमचा आवाज ऐकत जा, ताई. जिवाला घोर नको." चॅनलही त्यानेच भरून दिले होते. भाऊ असावा तर असा, असं अख्खी आळी म्हणायची. आळीला काय जातंय म्हणायला!

निर्मलाला खरं तर एकच गोष्ट हवी होती. गेल्या वर्षी तिचा नवरा नविन 'दर्यासखी' बोटीसकट बुडाला, तेव्हा सगळ्यात जवळ होती ती प्रविणची बोट. नविनने बुडताना हाक मारली का, शेवटचं काय बोलला, हे तिने भावाला किती वेळा विचारलं असेल! प्रत्येक वेळी तो खाली बघून म्हणायचा, "त्याचा वायरलेस मुकाच होता, ताई. तुझ्या गळ्याशपथ." आई गेल्यापासून हिनेच त्याला वाढवलेलं. विश्वास ठेवायचा नाही तर कुणावर?

आता गावात नव्या बोटी आल्या होत्या. त्यांचे चॅनल घालायचे तर प्रविण म्हणाला, "एक सोपं सॉफ्टवेअर आहे. माझी तयार फाईल वरून टाकली की झालं. तुला आत बघायची गरजच नाही."

सुषमा ही निर्मलाची शाळेतली मैत्रीण, डहाणूत कॉम्प्युटरचा क्लास चालवायची. तिने ऐकताच नाक मुरडलं.

"ते नको घेऊस. ते नुसतं लिहितं. नवीन माणसाने आधी मशीनमध्ये काय आहे ते वाचून दाखवणारं घ्यावं. हे बघ, हे फुकट आहे. दिसायला रूप नाही, पण सगळं उघडं. आधी वाचून घे, कॉपी ठेव, मग हात लाव."

"आणि ही 'वगळा'ची खूण कशाला?" निर्मलाने स्क्रीनवर बोट ठेवलं.

"एखाद्या चॅनलवर कुणी सारखं बोलत राहिलं की स्कॅनर तिथंच अडकतो. मग तो चॅनल वगळायचा." सुषमाने जुना लॅपटॉप आणि केबल पिशवीत घालून दिली. "घाई करू नको, एवढंच."

निर्मला घरी आली तेव्हा दुपार कलली होती. प्रविण पहाटेच बोट घेऊन गेला होता. दारात बांबूंवर बोंबील सुकत होते, त्यांचा वास घरभर होता. तिने केबल लावली, 'वाचा' दाबलं. ओळी उमटत गेल्या, ओळखीच्या बोटींची नावं एकाखाली एक. आणि अगदी तळाला, दर्यासखी.

बुडालेल्या बोटीचा चॅनल वाढवणात कुणी वापरत नाही. कुणी नव्या बोटीवर तो लावला तर म्हातारे त्याला उभं करत नाहीत. मुका चॅनल तो. आणि त्याच्यापुढे खूण होती, वगळा.

सुषमाचे शब्द तिला आठवले. प्रविणने आपल्या बोटीवरच्या वायरलेसची फाईल जशीच्या तशी उतरवून दिली होती. म्हणजे बोटीवरही तो चॅनल वगळलेला. म्हणजे तिथं कुणीतरी सारखं...

तिने खूण काढली. बदल स्कॅनरमध्ये लिहिला, केबल उपटली. आकडे पळू लागले आणि दर्यासखीवर थांबले.

आधी नुसतं पाणी. मग एक दमलेला आवाज, तेच तेच बोलून झिजलेला.

"प्रविण... दोरी टाक रे... दिसतोस तू मला... तोंड फिरवू नको..."

नविनचाच. निर्मलाला भीती वाटायच्या आधी संताप आला. वर्षभर हा माणूस हाका मारतोय आणि सख्ख्या भावाने माझे कान बंद केले! केसाने गळा कापला मेल्याने. रडत रडत तिने तो डबा तोंडाशी धरला. बटण नाही, माईक नाही, हे ठाऊक असूनही.

"अहो... मी निर्मला..."

पाण्याचा आवाज थांबला. सगळंच थांबलं.

"निर्मला?... आज बोललीस?"

"मला ऐकूच येत नव्हतं हो... कुणी सांगितलंच नाही मला..."

"प्रविण तर म्हणायचा... तू रोज ऐकतेस... पण माझ्याशी बोलायचं नाही म्हणतेस..."

"खोटं आहे! गळा धरून विचारा त्याला!" तोंडातून निघून गेलं.

रेडिओत पाणी खळबळलं.

"विचारतोच आहे," नविन शांतपणे म्हणाला. "इथंच आहे तो... माझ्याजवळ..."

त्याच्या मागे कुणीतरी हुंदके देत होतं. ते रडणं निर्मलाने मांडीवर घेऊन थोपटलेलं होतं.