डोळे झाकून घेतलेली गाडी

मोबाइल ठेव जरा बाजूला. फोटो उद्या उजेडात बघू. फोटोत काय, सगळ्याच जुन्या गाड्या लग्नाला उभ्या असल्यासारख्या दिसतात. तू म्हणतोस, काका, तुम्ही नुसती एक चक्कर मारा आणि सांगा, घेऊ का नको. सूनबाईचंही तेच म्हणणं. येईन रे, नाही कुठं म्हणतोय? पण ‘घे’ हा शब्द काही माझ्या तोंडून लवकर निघायचा नाही. का, ते ऐका. तूही बस गं, भांडी सकाळी होतील.

माझा एक मित्र. छापखान्यात मशीनवर होता. आम्ही त्याला कानसेन म्हणायचो, कारण गाता एक सूर येत नव्हता, पण यंत्राचा आवाज ऐकून आतलं दुखणं सांगायचा. नातेवाइकांत कुणी जुना पंखा घेवो, नाही तर शिलाई मशीन, आधी कानसेनला बोलावणं जायचं. व्याह्यांच्या जुन्या फ्रीजला कान लावून बसलेला मी त्याला स्वतः पाहिलाय.

त्याला एक धाकटी बहीण. चिमी म्हणायचे तिला घरात. ठेंगणी, गोड, बोलकी. दवाखान्यात रक्त तपासायच्या खोलीत कामाला. तिचा नवरा औषधांच्या कंपनीचा, महिन्यातले बहुतेक दिवस बाहेरगावी. चिमीची कामाची पाळी सुटायची रात्री उशिरा, आणि दवाखाना गावाबाहेर. मग आणायला कोण? दादा. आपली स्कूटर काढून रोज रात्री जायचा. थंडी असो, पाऊस असो. दोन वर्षं.

एकदा मला म्हणाला, “बहीण आहे, कबूल. पण झोपही माझीच आहे ना रे?” आम्ही हसलो. त्यात हसण्यासारखंच होतं तेव्हा.

मग चिमीनं ठरवलं, आपण एक छोटी गाडी घ्यायची. जुनी, आटोपशीर. एका निवृत्त मास्तरांची गाडी होती विकायला. एका रविवारी दुपारी बहीणभाऊ बघायला गेले. कानसेननं इंजिन ऐकलं. टायर पाहिले. खाली वाकून पत्रा कुठं गंजलाय का ते पाहिलं. मास्तर भले माणूस, चहा वगैरे दिला. मग कानसेन चक्कर मारायला निघाला, शेजारी चिमी. गाडी छान पळत होती. गिअर लोण्यासारखा पडत होता.

वळणाआधी त्यानं ब्रेक दाबला. पुढच्या डाव्या चाकातून बारीक आवाज आला. किर्रर... आणि गाडी किंचित डावीकडे ओढली गेली. किंचितच. दुसऱ्याला कळलंही नसतं.

चिमीला आवाज तेवढा ऐकू आला. म्हणाली, “कसला आवाज रे, दादा?”

आता बघा. त्याला कळलं होतं. छापखान्यात तिसरा रोलर घासतोय, हे न बघता नुसत्या आवाजावरून ओळखणारा माणूस तो. गाडी ठेवा आठ दिवस, आधी ब्रेकचं काम करून घेऊ, असं म्हणाला असता की झालं. पण आठ दिवस म्हणजे पुढे आणखी आठ दिवस. मेकॅनिक मिळणार, सामान मिळणार, तोवर चिमीचं मन बदलणार. आणि रात्रीची स्कूटर... परत त्याच्याच गळ्यात.

म्हणाला, “जुनी गाडी आहे, थोडं कुरकुरणारच. माझी बायको नाही का कुरकुरत?”

चिमी खळखळून हसली. “पण भरवशाची आहे ना? तू म्हणशील तसं.”

“डोळे झाकून घे,” म्हणाला.

घेतली तिनं. त्या रात्रीपासून हा ढाराढूर झोपायला लागला. सहाव्या आठवड्यात दवाखान्याच्या पुढच्या पुलावर चिमीची गाडी डावीकडे गेली आणि कठड्याला घासत जाऊन थांबली. गाडीचं फारसं काही बिघडलं नाही. एक बाजू चेपली, काचा फुटल्या. चिमी मात्र जागच्या जागी गेली.

सगळे म्हणाले, दमलेली होती बिचारी, डोळा लागला असेल. तिचा नवराही हेच म्हणत राहिला. कानसेन तिथंच बसलेला, मान खाली घालून. चाकांच्या खुणा रस्त्यावर त्यानं पाहिल्या होत्या. डोळा लागलेला माणूस ब्रेक दाबत नाही. पण बोलला नाही. मलाही नाही. मला वाटलं, बहिणीचं दुःख आहे, बोलेल हळूहळू.

पुढं मेहुण्यानं गाडी गॅरेजात टाकली. पत्रा सरळ केला, काचा बसवल्या, रंग मारला. दारात ती गाडी बघवत नव्हती त्याला, विकायचीच होती. एक तरुण जोडपं तयार झालं. बायको सात महिन्यांची गरोदर. शनिवारी मेहुण्याचा फोन आला. “दादा, मी रात्री उशिरा घरी पोचतोय. तेवढी गॅरेजातून गाडी आणून ठेवाल? उद्या सकाळी ते येतायत. आणि गाडी कशी आहे, ते तुम्हीच सांगा त्यांना. तुमच्या शब्दावर ते घेतील.”

नाही कसं म्हणणार?

रंग वाळेवाळेपर्यंत गॅरेजवाल्यानं अकरा वाजवले. अमावस्या वगैरे काही नव्हती हं. चांगलं लख्ख चांदणं होतं, रस्त्यावरचा खडा दिसावा असं. कानसेन गाडीत बसला, तर गुडघे स्टिअरिंगला टेकले. सीट पार पुढं ओढलेली, ठेंगण्या माणसाच्या बेतानं. रंगवाल्या पोरानं ओढली असेल, म्हणून त्यानं ती मागं सरकवली. निघाला.

रस्ता दवाखान्यावरूनच. दुसरा नाही. फाटकासमोर गतिरोधक. त्यानं ब्रेक दाबला.

किर्रर...

गाडी डावीकडे ओढली. गॅरेजवाल्याला सांगितलं होतं पत्र्याचं, त्यानं पत्र्याचंच केलं होतं. गतिरोधक ओलांडून गाडी पुढं निघाली आणि त्याला वाटलं, गाडी जड झालीय. एक माणूस वाढल्यासारखी.

त्यानं बाजूला पाहिलं नाही.

शेजारून वास आला. दवाखान्यातल्या साबणाचा. स्कूटरवर मागं बसायची तेव्हा तिच्या हातांना यायचा, तोच.

मग...

“कसला आवाज रे, दादा?”

आवाजात राग नव्हता. दमलेला होता आवाज. पाळी संपवून आलेल्या माणसाचा असतो तसा.

हा समोर बघतोय. पाय ब्रेकवर नेववत नाही. ब्रेक दाबला तर तो आवाज पुन्हा होणार. नाही दाबला तर... पुढं पूल.

“दादा...?”

चांदण्यात कठडा दिसायला लागला. नवा चुना मारलेला भाग पांढरा. जवळ... आणखी जवळ...

त्यानं सगळा जोर लावून ब्रेक दाबला. किर्रर... गाडी डावीकडे. यानं उजवीकडे खेचली. कठड्यापासून हातभर अंतरावर थांबली. इंजिन बंद पडलं.

काही नाही. रातकिडेसुद्धा नाहीत.

मग अगदी कानाशी, हळू...

“मी डोळे झाकले नव्हते रे.”

कानसेन स्टिअरिंगवर डोकं टेकून रडला. म्हणाला, “ब्रेकचा होता गं आवाज. मला कळला होता. त्याच दिवशी कळला होता. मला झोप पाहिजे होती, चिमे...”

किती वेळ गेला कोण जाणे. त्यानं मान वळवली तेव्हा शेजारची सीट रिकामी होती. उरलेला रस्ता त्यानं गाडी पायी चालल्यासारखी आणली.

सकाळी ते जोडपं आलं. पोरगी पोटावर हात ठेवून गाडीभोवती फिरली, रंग आवडला म्हणाली. तिच्या नवऱ्यानं विचारलं, “काका, भरवशाची आहे ना?”

मेहुणा चहाचे कप घेऊन दारात उभा. त्याच्यादेखत कानसेन म्हणाला, “घेऊ नका. हिचा ब्रेक ओढतो. पहिल्या दिवसापासून ओढतो. मला माहीत होतं, आणि मी माझ्या बहिणीला घे म्हणून सांगितलं.”

ते दोघं निघून गेले. मेहुण्यानं कप तसेच खाली ठेवले, आत गेला आणि दार लावून घेतलं. ते दार कानसेनसाठी पुन्हा उघडलं नाही.

काय म्हणालास? ब्रेक दुरुस्त करून विकता आली असती? आली असती की. माणसं म्हणालीही तसं. पण मेहुण्यानं निरोप धाडला, ती भंगारात घाला, आणि तुम्हीच घाला. कानसेननं ती भंगारवाल्याच्या आवारात नेऊन उभी केली. परत येताना थेट माझ्याकडे आला. या इथंच बसला होता, सूनबाई बसलीय तिथं. आता सांगितलं ते सगळं त्यानं मला तेव्हा सांगितलं. मला वाटलं, मनाला लागलंय, भास झाला असेल. मी पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला. दुसरं काय करणार?

दहाएक दिवसांनी भंगारवाल्याचा फोन आला त्याला. “साहेब, तुमच्या गाडीत रात्रीचं कोणी झोपायला येतं का? जरा येऊन बघा.” एकट्याला जायचा धीर होईना, म्हणून मला घेऊन गेला. पहाट होती. आवारात ओळीनं गाड्या उभ्या. सगळ्यांच्या काचांवर कोरडी धूळ. ही शेवटी. इंजिन काढलेलं. सीटा काढलेल्या. आत नुसता पत्रा. दारं कुलपात, किल्ली भंगारवाल्याच्या कमरेला.

मी चष्मा पुसून पाहिलं. मी... ह्या डोळ्यांनी पाहिलं.

चालवणाऱ्याच्या बाजूची काच आतून धुरकटलेली होती. वाफेनं. तेवढीच.

आम्ही तिघं उभे. कानसेननं काचेवर बाहेरून हात ठेवला.

ती वाफ हळूहळू विरायची... आणि पुन्हा धरायची. विरायची...

आणि पुन्हा धरायची.