हलेल तेच खरं धर

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मीही हसलो होतो. पण हे माझ्या मेहुण्याच्या घरी, गेल्या थंडीत, भर दिवसा घडलंय. त्याच्याच तोंडून ऐकलंय.

मेहुणा प्रोग्रामर. सुट्टीच्या दिवशीही सोल्डरिंग करत बसणारा. त्याचे वडील, म्हणजे माझे सासरे, त्यांना सगळे दादा म्हणतात, वरच्या खोलीत दिवसभर एकटेच. गुडघे कामातून गेलेले. दादा पडले आणि कुणाला कळलंच नाही तर? या एका काळजीने त्याने खोलीत सेन्सर लावला. खोलीत किती माणसं आहेत, हलताहेत का, हे त्याला ऑफिसात फोनवर दिसायचं. हालचाल थांबली की फोन बोंबलणार.

पहिल्याच दिवशी आकडा आला...

दोन.

घरात तर दादांशिवाय कोणीच नव्हतं.

पडदा हलत असेल म्हणून त्याने पडदा काढला. पंखा बंद केला. वायर बदलली, बोर्ड बदलला, सेन्सर नवा आणला. सगळा कोड पुन्हा लिहिला.

तरी दोनच!

त्यात दादांची भर. "अरे, इथे कोणीतरी येरझाऱ्या घालतं. पलंगापासून खिडकीपर्यंत. डोळा लागू देत नाही."

"दादा, आता तुम्ही नका सुरू होऊ! आधीच डोकं पिकलंय माझं."

शेवटी वैतागून त्याने कोडमध्ये एक ओळ घातली. दोन दिसले तर जे हलतंय तेच खरं धर, दुसरं सोडून दे. ऑफिसात एखाद्या नवख्याने चूक अशी झाकली असती, तर याने त्याची बिनपाण्याने केली असती.

दुसऱ्या दिवशी फोनवर एकच आकडा. एक. हालचाल चालू. सगळं ठीक.

"सुटलो एकदाचा!" त्याने मला फोन करून सांगितलं.

संध्याकाळी घरी आला. जिन्यातूनच हाक मारली...

वर जाऊन दार ढकललं.

दादा पलंगाशेजारी जमिनीवर पडले होते. खुब्याचं हाड मोडलेलं, ओठ कोरडे पडलेले. सकाळी मुलगा बाहेर पडल्या पडल्या ते कोसळले, ते तसेच. तसूभरही सरकता आलं नव्हतं.

आणि सेन्सरने दिवसभर चालणं नोंदवलं होतं.

पलंग ते खिडकी... खिडकी ते पलंग...

अँब्युलन्समध्ये दादांनी त्याचा हात धरला. आवाज पार बसला होता.

"किती हाका मारल्या रे तुला. शेवटी तोच जवळ येऊन वाकला. म्हणाला, ओरडू नका..."

"कोण, दादा?"

"म्हणाला, सगळं ठीक आहे असं मुलाला कळवलंय मी."

दादा वाचले. आता ते मेहुण्याच्याच खोलीत झोपतात. ती ओळ त्याने लगेच खोडली, पण सेन्सर नुसताच कपाटावर पडून आहे. परवा न राहवून मी म्हटलं, "अरे, लाव ना तो परत. दादांच्या जिवाचा प्रश्न आहे."

तो माझ्यावरच भडकला.

"लावतो की, भावोजी! खोलीत आम्ही दोघंच असतो. आकडा तीन आला तर काय करू, तेवढं सांगा."